धुरावर सतरा अंगठे

बेंबळी, ता. ६ फेब्रुवारी १९४४

आयुब,

तुला बलभीमचा रामराम. मागच्या पत्रावर तू निजाम सरकारचं फसली साल घातलंस. तारीख वाचायला मला मास्तरांकडं जावं लागलं. कारकून झालास हे कबूल, पण कुंभाराला पत्र लिहिताना साधी तारीख घालत जा.

आता कामाचं. परवा तालुक्याचा चपराशी आला आणि माझ्या हातात एक उर्दू कागद ठेवून गेला. मास्तरांनी वाचून दाखवला. माझा मडकी भाजायचा आवा म्हणे आम लोकांच्या तब्येतीला आणि आरामाला बाधा आणतो. पंधरा दिवसांत तो वस्तीपासून अर्धा कोस लांब न्यावा. न्यायचा नसेल तर ता. २१ ला हजर राहून कारण सांगावं, नाहीतर पंच मागावेत. खाली लिहिलं आहे की गावच्या सतरा जणांचा अर्ज आहे. नावं लिहिलेली नाहीत.

मी आईला सांगितलं. ती घागर थापटत होती, तिनं हात सुद्धा थांबवला न्हाई. म्हणाली, "सात पिढ्या धूर गिळला ह्या गावानं, आन आता ढेकर आली व्हय?"

आयुब, तुला आमचा आवा ठाऊक आहे. तुमचं घर आणि आमचं घर यांत फक्त तो बोळ. आवा लावायच्या आदल्या दिवशी मी तुझ्या अब्बांना, हनीफचाचांना सांगतो, "उद्या पेटतोय." चाचा कापूस पिंजायची पिंजण खुंटीला टांगतात, कापूस झाकून ठेवतात आणि दिवसभर गावात गाद्या भरत फिरतात. कापसावर ठिणगी नको म्हणून माझ्या आज्यानं आणि तुझ्या आज्यानं ठरवलेलं हे. आजवर ना कापूस पेटला ना भांडण.

आवा नेऊ कुठं? गावाबाहेर जी जमीन आहे ती कुणाची ना कुणाची तरी आहे. माळावर वारा इतका की आव्याची एक बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते. तू वकिलाच्या घरात बसतोस. मला साधं सांग, काय करू?

संक्रांतीला तू येऊन गेलास असं आईनं सांगितलं. मी तेव्हा सुगडी घेऊन ढोकीकडं गेलो होतो, भेट चुकली. तिळगूळ खाऊन गेलास म्हणे.

तुझा,
बलभीम


धाराशिव, ता. १२ फेब्रुवारी १९४४

प्रिय बलभीम,

तुझं पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. मावशींना माझा सलाम सांग.

कायद्याचं सांगतो. कचेरीत याला बाइस-ए-तकलीफ-ए-आम म्हणतात, म्हणजे ज्यानं साऱ्यांना त्रास होतो ते. अशा मामल्यात "सात पिढ्यांपासून चालत आलंय" हे उत्तर चालत नाही. रस्त्यावर शंभर वर्षं उकिरडा असला तरी त्याला हक्क मिळत नाही, तसंच हे. तेव्हा तारखेला ते बोलू नकोस.

एकाच घराला त्रास असेल तर त्यानं दिवाणीत जावं असं कायदा म्हणतो. पण इथं सतरा नावं आहेत, म्हणून हे फौजदारीत आलं आणि सरकार स्वतःच फिर्यादी झालं. असे हुकूम बहुतेक कायम होतात. माझं ऐकशील तर तूच होऊन आवा थोडा लांब ने. इज्जतीनं होईल.

२१ तारखेला मी वकीलसाहेबांबरोबर हैदराबादला असेन, त्यामुळं भेट होणार नाही. अर्ज कुणी केला हे मला माहीत नाही.

तुझा,
आयुब


बेंबळी, ता. २३ फेब्रुवारी १९४४

आयुब,

परवा धाराशिवला सुनावणीची पेशी झाली. कचेरीच्या ओट्यावर सकाळपासून उन्हात बसलो आणि हाक दुपार टळल्यावर आली. तुझ्या वकीलसाहेबांचं घर जवळच आहे म्हणून आधी तिकडं डोकावलो. बाई म्हणाल्या, साहेब आत निजलेत. मी म्हटलं, हैदराबादहून लवकर आले वाटतं.

तहसीलदार माणूस वाईट नाही. त्यांनी मिसलीचं बाड उघडून माझ्यापुढं धरलं. अर्ज मराठीत होता, वर त्याचं उर्दू भाषांतर टाचलेलं. खाली अंगठ्यांची रांग. पहिलं नाव गुलबानो, हनीफ पिंजाऱ्याची लेक. तुझी बहीण, आयुब. तुला ठाऊक नसणार, म्हणून कळवतो.

मी विचारलं, "पंच मागितले तर?" ते म्हणाले, पाच पंच. मुख्य आणि दोघं सरकार नेमणार, दोघं मी. पंच म्हणतील ते पक्कं, त्याच्यावर पुन्हा वाद नाही.

पाचामुखी परमेश्वर. मी पंच मागितले आणि दोन नावं दिली. एक हनीफचाचा आणि दुसरा धुळाप्पा तेली, त्याचाही अंगठा त्या अर्जावर आहे. तहसीलदारांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "तुमच्या विरुद्धचेच लोक?" मी म्हटलं, "साहेब, आमच्यात पंच समोरच्याच्या घरातला मागतात. आपल्या माणसानं आपल्याकडनं बोललं तर त्यात काय? समोरच्यावर भरवसा टाकला की त्याला खोटं बोलायची लाज वाटती."

त्यांच्या पेशकार कारकुनानं नावं लिहून घेतली.

गुलबानोला खरंच त्रास असेल तर मला कळायला हवं होतं. दिवाळीपासून ती खोकते, ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. ती एक शब्द बोलली असती तर मी वाऱ्याची दिशा बघून आवा लावला असता. तुला काही माहीत असेल तर कळव. पंच १७ मार्चला येणार आहेत. तोवर पत्र येण्याला भरपूर वेळ आहे.

तुझा,
बलभीम


धाराशिव, ता. १२ मार्च १९४४

प्रिय बलभीम,

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं.

तू काय करून बसलास! कायद्यातला पंच म्हणजे गावातला पंच नव्हे. तुला दोन नावं दिली जातात ती तुझी बाजू राखायला. तू दोन्ही नावं पलीकडची देऊन मोकळा झालास. आता तुझ्या बाजूनं बोलणारा एकही उरला नाही. गावचा पंच "काय केलं म्हणजे दोघांचं निभेल" ते बघतो. या पंचांना एवढंच विचारतात की हुकूम वाजवी आहे का. होय किंवा नाही, यापुढं एक शब्द नाही.

आणि अब्बांना पंच नेमलंस! त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि लेकीचा जीव त्यांच्या डोळ्यांसमोर घुसमटतो. त्यांनी काय सांगावं?

सोबत नावं बदलण्याच्या अर्जाचा मसुदा पाठवतो. आपल्या हातानं उतरवून काढ, माझा कागद देऊ नकोस. लगेच इथं तालुक्याच्या कचेरीत दे. गुलबानोच्या नावाचं मला आत्ताच तुझ्याकडून कळलं.

तुझा,
आयुब


बेंबळी, ता. २४ मार्च १९४४

आयुब,

तुझं पत्र १८ तारखेला मिळालं. पंच १७ ला येऊन गेले. तेव्हा तुझा मसुदा चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला आहे. अक्षर छान आहे.

पंच आले ते असे. मुख्य आणि सरकारचे दोघं टांग्यातून, आमचे दोघं पायी. मुख्य पंचांनी रुमाल नाकाला लावूनच आवा बघितला. आवा थंड होता, आत मांजर व्यालेलं. तरी रुमाल काही सुटला नाही.

धुळाप्पाला विचारलं, "धूर येतो?" तो म्हणाला, "येतो की, साहेब. धूर हाय त्यो, पाताळात जातोय व्हय?" कागदावर अंगठा घेतानाही त्याला म्हणे एवढंच विचारलं होतं.

मग चाचांची पाळी आली. ते माझ्या चाकाजवळ खाली बसले होते. मुख्य पंच म्हणाले, "मुलीचा श्वास अडकतो?"

"अडकतो, हुजूर."

"कधीपासून?"

"हिवाळा लागला की. दिवाळी झाली की सुरू."

"आवा कधी पेटतो?"

"त्यो बी दिवाळीनंतरच."

"आवा पेटला की जास्त अडकतो?"

चाचा माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. मी डोळ्यानं जरी खूण केली असती तरी त्यांनी माझ्यासाठी मान हलवली असती, आणि मग आयुष्यभर नमाजाला उभं राहताना त्यांना ते आठवलं असतं. ते म्हणाले, "त्या दिशी म्या घरात नसतो, हुजूर. गावात गाद्या भराया जातो. पर पोरीचं हाल होतात, हे खरं हाय."

लिहिणाऱ्यानं लिहिलं: होय.

चाचा उठून उभे राहिले. "हुजूर, दुसरा काय इलाज निघंल का? भिताड उंच केलं, वारं बघून पेटवला…" मुख्य पंच म्हणाले, "इलाज विचारलेला नाही. हुकूम वाजवी आहे का, एवढंच सांगा." चाचांनी डोळे पुसले आणि "वाजवी" म्हणाले. पाचही जण तेच म्हणाले.

हुकूम कायम झाला. मी मोडला नाही तर सरकारी माणसं येऊन मोडणार होती. म्हणून मीच कुदळ घेतली. आई आत जाऊन बसली. आव्याच्या भिंतीची माती भाजून दगडासारखी झाली होती, माझ्या आज्याच्या वेळची. दोन दिवस लागले.

आता पुढचं ऐक. मी माळावर गायरानात खड्डा घेतला, तर पटवारी आला. गायरानात आग पेटवायला वेगळी परवानगी लागते. ती मागायला गेलो तर म्हणतात, ज्याचा आवा उपद्रव म्हणून मोडला त्याला दुसरीकडं परवानगी देताना विचार करावा लागेल. उत्तरेश्वर पाटलाला बांधाचा तुकडा मागितला. तो म्हणाला, "तुझ्यामागं सरकार लागलंय बाबा, माझ्या बांधावर नको." आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण मला तर फुफाटाही कुणी देईना.

आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार असा की लग्नसराई आली. बलुतेदार आहे मी, मडकी नाही म्हणायचा मला हक्क नाही. गुलबानो सोडली तर अंगठे दिलेले बाकीचे सोळा दारात येऊन गेले. कुणाला मांडवाला घागरी हव्यात, कुणाला रांजण. धुळाप्पा म्हणाला, "पोरीचं लगीन हाय, मडकं तर तुझंच लागंल." मी पडवीत नेऊन दाखवलं. सगळी कच्ची मडकी, वाळून पांढरी पडलेली, ओळीनं मांडलेली. हात लावला तर टवका निघतो. म्हटलं, घेऊन जा.

ढोकीच्या कुंभाराच्या आव्यात भाजायला गाडीभर नेली. कच्चा माल आणि तो रस्ता. निम्मी वाटेतच माती झाली.

चाचांची पिंजण आता रोज चालते. मी "उद्या पेटतोय" म्हणून सांगायला जात नाही, मग ते कशाला थांबवतील? सकाळी सुरू होते ते दिवे लागेपर्यंत. चाचा माझ्याशी बोलत नाहीत. रागानं नव्हे. मी बोळात दिसलो की ते आत जातात.

तुझा,
बलभीम


धाराशिव, ता. १६ एप्रिल १९४४

बलभीम,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

अर्ज मी लिहिला. संक्रांतीला आलो तो त्यासाठीच. गुलबानोचा खोकला ऐकवत नव्हता. तिला मरताना बघतोय असं वाटायचं आणि खिडकीतून तुझा आवा दिसायचा. वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एका घराचा त्रास म्हणून गेलास तर दिवाणीत म्हातारा होशील. आम लोकांचा त्रास दाखव, महिन्यात हुकूम निघेल. मग घरोघर फिरलो. विचारलं, धूर येतो का? येतो म्हणाले की पुढं कागद धरला. गुलबानोला सांगितलं, दवाखान्यातून औषध मिळण्याचा कागद आहे. तिनं अंगठा दिला. तुझ्या आईनं बोलावून तिळगूळ दिला, तोही त्याच हातानं खाल्ला.

तुला आधी सांगितलं असतं तर तू काहीतरी तोड काढली असतीस. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वकिलाकडं बसून बसून मला वाटायला लागलं होतं की जे कागदावर होतं तेच खरं होतं. शिवाय तुझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलायची हिंमत नव्हती. २१ तारखेला मी वकीलसाहेबांच्या आतल्या खोलीत होतो. तुझा आवाज ऐकला.

आता ऐक. आठवड्यापूर्वी अब्बा गुलबानोला घेऊन इथं आले. तिची अवस्था वाईट होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि अब्बांना धंदा विचारला. मग म्हणाले, हा धूर नाही, ही कापसाची धूळ आहे. पिंजण चालते त्या खोलीत ही निजते का? अब्बा "हो" म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी पिंजणीला हात लावलेला नाही. दुसरा धंदा त्यांना येत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. म्हटलं, अर्ज मागं घेतो, सतराच्या सतरा जणांना आणतो. पेशकार हसला. म्हणाला, आता हा अर्ज त्या सतरांचा नाही. आम लोकांच्या वतीनं सरकारचा आहे. आम लोकांनी माघार घेतली असं सांगायला कोण येणार? तू आम लोक आहेस? डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यावर म्हणाला, पंचांनी "वाजवी" म्हटलंय, पंचांवर दाद नाही. मी तहसीलदारांपुढंही उभा राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या मित्रानं तुझाच बाप पंच मागितला तेव्हा मला वाटलं, तुम्ही लोक आपसात मिटवणार. मी तीन आठवडे वाट बघितली."

मी जाळं विणलं आणि त्यात आपण सगळे सापडलो आहोत. मला माफी मागायला तोंड नाही.

आयुब


बेंबळी, ता. ५ मे १९४४

आयुब,

कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच म्हणतात. आली एकदाची.

अर्ज तू लिहिलास हे मला २१ फेब्रुवारीलाच कळलं. तहसीलदारांनी मिसल पुढं धरली आणि मी तुझं अक्षर बघितलं. चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं आपण, मला तुझं अक्षर कळणार नाही? बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. आधी वाटलं, वकिलाच्या घरात शिरून तुला ओढून बाहेर काढावं. तू तिथं आहेस हे सकाळीच तुझ्या चपलांनी सांगितलं होतं, दारातच होत्या. मग कचेरीतून पुन्हा बोलावणं आलं आणि मी तुझ्या बापाचं नाव दिलं.

चाचांनी माझी बाजू घ्यावी म्हणून नाही दिलं. तुला लाज वाटावी म्हणून दिलं. वाटलं, बाप पंच बसणार म्हटल्यावर पोरगा धावत येईल आणि म्हणेल, थांबा, हे आपलं आपण बघू. तीन आठवडे रोज टपालवाल्याची वाट बघितली. तुझं पत्र आलं त्यात नावं बदलायचा मसुदा होता. तहसीलदार परका माणूस, त्याला कळलं, आणि तुला कळलं नाही. याचा मला फार राग आला, आयुब. अजून आहे.

पण माझंही चुकलं. मी तरी तुला सरळ कुठं विचारलं? लाज वाटंल, लाज वाटंल, म्हणून वाट बघत बसलो. गावच्या पंचायतीचा डाव मी सरकारी कचेरीत टाकला. आई म्हणती, "तुमी दोघं बी कच्चंच. भाजलंच न्हाई तुमास्नी कुणी."

तुला सांगायचं ते वेगळंच आहे. गुलबानो आज सकाळी आली. धाराशिवहून आल्यावर तिला बायकांनी सांगितलं की आवा तिच्याच अर्जानं मोडला. ती धापा टाकत बोळ ओलांडून आली आणि मोडलेल्या आव्याजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "बलभीमदादा, म्या कवा म्हणलं मला धूर नको?"

मी म्हटलं, "तुझा अंगठा हाय, बाई."

"त्यो औषधाचा कागद व्हता." मग थोडा दम खाऊन म्हणाली, "दादा, तुमचा आवा पेटला की त्येवढ्या दिशी मला बरं वाटायचं. अब्बा पिंजण टांगून जायचे. म्या दार उघडं ठेवून निजायची. हिवाळाभर म्या तुमच्या धुराचीच वाट बघायची."

आईनं हातातली थापी खाली ठेवली आणि ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. माझा बाप गेला तेव्हाही नाही.

गुलबानो काही रडली नाही. तिनं पडवीत जाऊन मडकी बघितली. एक माठ आवडला तिला. म्हणाली, डॉक्टरांनी कोऱ्या माठातलं गार पाणी प्यायला सांगितलंय, हा द्या. मी म्हटलं, "कच्चा हाय त्यो, गुलबानो. पाणी घातलंस तर चिखल हुईल."

ती म्हणाली, "मग भाजा की."

कायदा तुला येतो. भाजू का नको, भाजायचा तर कुठं, आणि नाही भाजायचा तर का, हे तिला समजेल असं लिहून पाठव. सोबत कोरा कागद जोडला आहे. ती माठ मांडीवर घेऊन पडवीतच बसली आहे, जायला तयार नाही.

पण या वेळी इथं येऊन आधी तिला विचार, मग लिही.

बलभीम